झांजीबारची म्हण

अख्ख्या जगाचं शहाणपण ह्या एका तोंडात हाय, मैनावैनी — तारापूरपासून मनोरपर्यंत कुणालाही विचारा, विश्रामसारखा म्हणी जाणणारा दुसरा दाखवा म्हणावं — आता तोंडात दात चारच उरलेत, त्यामुळे निम्मं शहाणपण बाहेर पडताना सांडतं, ती गोष्ट वेगळी. नाय, तुमी उठू नका, तुमचे बोंबील चालू द्या. जबड्यात जबडा अडकवायचा नि सुकायला काठीवर टाकायचं — बघा, मेल्यावरसुद्धा जोडीनं लटकायचं त्यांच्या नशिबात, नि आपल्याकडे जित्याजागत्या दोघांची जोडी — हां. तेच बोलायला आलोय. बसू का? बसतो. नको, उभाच राहतो, आज बूड टेकत नाय कुठे.

गोमानं नारळ परत पाठवला, ते कळलं मला. परवा. लुगडंही. तुमी तुमच्या दिनानाथासाठी त्याच्या सुलूला मागणी घातली, पोरगी राजी, पोरगा राजी, आणि बापानं ऐनवेळी पाठ फिरवली. का? तर म्हणे, झांजीबारचे लोक सांगतात — दोन रंगांच्या होडीवाल्या घरात लेक देऊ नये, ते घर एका वाऱ्याला टिकत नाय. आणि आपल्या सबंध दांडी गावात दोन रंगांची होडी एकच, तुमची. अर्धी निळी, अर्धी हिरवी. निळा संपला म्हणून पोरानं हिरवा मारला, त्यात झांजीबारचं काय गेलं? काय नाय गेलं! असं कुणी म्हणतच नाय, वैनी. ती म्हण माझी. हाटेलात चहा येईपर्यंत केलेली. आता बघताय माझ्याकडे — नका बघू, बोंबलाचा काटा बोटात जाईल.

अहो, आपली म्हण सांगून बघा कुणाला. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात — लोक म्हणणार, हे तर आमची आजी रोज बोलायची. तेच बसऱ्याच्या अरबाच्या नावावर सांगा — उंटाला वाट विचारू नये, तो पाणी पिऊन आलेला असतो — की माना डोलवतात! अर्थ? अर्थ मला तरी कुठे ठाऊक! तारापूरला विजेचा प्लँट बांधतायत ना, तिथल्या पंजाब्याला मी मद्रासची म्हण सांगतो, मद्राश्याला पंजाबची, दोघंही म्हणतात, वा चाचा, सच्ची बात. चीनशी लढाई झाली तेव्हा तर माझ्याकडच्या सगळ्या चिनी म्हणी मी एका दिवसात जपानला पाठवून दिल्या. एकानंही विचारलं नाय, ह्या कालपर्यंत तिकडे होत्या ना?

म्हणजे वाईट मनात काय नव्हतं. सहज निघाली तोंडातून. गोमा समोर बसलेला, होड्यांचा विषय निघाला, नि निघाली — बरं, विषय मीच काढला. काढला असेन. तुमी गप्प राहिलात की माणूस जास्त बोलतो, हे बरं नाय हां, वैनी.

तुमच्या दिनानाथानं काय केलं ठाऊक हाय? प्लँटवरच्या गोऱ्या सायबाला जाऊन त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्या अमेरिकेत अशी म्हण हाय का — मीच अमेरिकेच्या नावावर खपवलेली ती — घाईचा घोडा नि पहिली बायको, दोघांची लाथ जन्मभर आठवते? सायब म्हणाला, कधी ऐकली नाय, नि माझ्या गावात घोडाही नाय. आणि हे पोरानं नाक्यावरच्या हाटेलात सगळ्यांसमोर सांगितलं! सगळं हाटेल हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी पायरी चढलो की कुणीतरी विचारणार, काय म्हातारबा, आज कुठल्या मुलखातनं? चाळीस वर्षं मी लोकांच्या टोप्या उडवल्या, वैनी. माझी टोपी उडाली की काय करायचं, ते मला कुणी शिकवलंच नाय. मग गोमा दिसला. तुमची होडी दिसली. आणि मला ठाऊक होतं तो ऐकणार — तो माझ्या म्हणी लेकराच्या अंगाऱ्यासारख्या जपतो.

गेलो ना! काल गेलो त्याच्याकडे. पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, गोमा, ही मी रचली रे. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, विश्राम, तू मोठ्या मनाचा, सोयरीक वाचवायला स्वतःवर खोटं घेतोस! म्हटलं, अरे, मी झांजीबार बघितलेलंच नाय. तर हसला. म्हणाला, अख्ख्या गावानं तुला हार घातला होता, मी होतो तिथे. होताच तो. काय सांगू त्याला? — वेरावळच्या पुढे मी गेलोच नव्हतो, वैनी. तिथेच तापानं पडलो, झांजीबारचं गलबत मला टाकून निघून गेलं, वर्षभर एका व्यापाऱ्याच्या वखारीत गोणी शिवल्या. परतलो तर बंदरावर आरोळी, आला, विश्राम झांजीबारहून आला! मी नाय म्हणायच्या आत हार पडला गळ्यात. हार पडल्यावर कोण काढतो? तुमच्या नवऱ्यानंच घातला होता तो, देव त्याला शांती देवो. हे आजवर मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाय, तुमाला कशाला सांगतोय देव जाणे.

तर आता असं करू. हा डबा बघा — निळा रंग, बोयसरहून आणला, सकाळी पहिल्या यष्टीनं गेलो होतो. ओहोटी हाय तोवर हिरवा खरवडतो, संध्याकाळपर्यंत होडी एकरंगी. मग गोमाला घेऊन येतो नि दाखवतो. जमलं तर जपानची एक म्हणही हाय तयार — रंग धुतला की दोषही धुतला. बरी हाय ना? थोडी लंगडी हाय. जपानच्या जागी तिबेट घातलं तर वजन येईल. नुसती मान हलवू नका हो! शिव्या द्या, टोपली मारा डोक्यात, पण काहीतरी बोला — त्या पोरीचं तोंड आठवतं नि मला घास गिळवत नाय. बोला ना, वैनी!

“भावजी, सुलू सकाळपासनं गाठोडं घेऊन माझ्या घरात बसलीय, दाराआडून तुमचं सगळं ऐकतेय, नि आता ती परत जायची नाय. रंगाचा डबा ठेवा खाली. तिच्या बापाला हे सांगायला कुठल्या मुलखाची म्हण लागते ती शोधा, नि तुमीच जा.”