गुडघा उडाला की बरं

थंडी कसली हो ती! त्या दिवशी भर दुपारी तोंडातून वाफा निघत होत्या, आणि आमची लेक हॉस्पिटलच्या खाटेवर पांघरूण लाथाडून म्हणतेय, बाबा, अंगाची आग होतेय, पंखा लावा. आता बोला... मी मफलर गुंडाळून, हात काखेत घालून बसलेलो, आणि पंखा? पण लावला. आठवा महिना, बीपी चढलेलं, जावई ट्रक घेऊन परगावी, लावणार नाही तर काय करणार?

डॉक्टरबाईंनी समजावलं, आजोबा, हिच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यात, बाळाला रक्त धड पोचत नाही, हिला झटके यायची भीती आहे. बाटलीतून मॅग्नेशियम सोडलंय, त्यानं वाहिन्या सैल पडतात, डोकं शांत राहतं, अंगही त्यानंच तापल्यासारखं वाटतं. फक्त ते जास्त होता कामा नये, नाहीतर श्वाससुद्धा मंदावतो. म्हणून सिस्टर मधूनमधून रबरी हातोडीनं गुडघा ठोकून बघणार. गुडघा उडाला की बरं.

तुम्हाला सांगतो, शाळेची पायरी मी चढलेलो नाही, पण एवढं पक्कं डोक्यात बसलं. सिस्टर आली, ठोकलं, पाय उडाला, गेली. पण मधल्या वेळेचं काय हो? मध्येच ढिलं पडलं तर? जन्मभर कलिंगडं विकली मी, दिवसभर टकटक वाजवून बघायची सवय, बोटं गप्प बसतात होय? हळूच गुडघ्यावर टकटक केलं. उडाला. थोड्या वेळानं पुन्हा. उडाला. गुडघा उडाला की बरं, म्हणून पुन्हा...

"बाबा, मी कलिंगड नाहीये," लेक डोळे न उघडता म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं बाळा, हे शेवटचं. ठोकलं, तर पाय हलेचना! पुन्हा ठोकलं, ढिम्म! मी बोंबललो, सिस्टर, उडत नाही! सिस्टर हातातला चहा टाकून धावली, डॉक्टरबाई धावल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू काही कारण नसताना धावली. सिस्टरनं हातोडी मारली, तर पाय असा उडाला की ट्रे खाली! लेक म्हणते, मीच पाय आवळून धरला होता, बाबा जरा डोळा लागू देत नाहीत.

मग काय, माझी रवानगी बाहेरच्या बाकावर. दारातून येईल त्याला विचारायचं, उडाला का हो? संध्याकाळी बीपी उतरेना म्हणून तिला ऑपरेशनला नेलं. त्या बंद दारापुढे मात्र माझी बोटं गारठून गेली, काय ठोकणार? किती वेळ गेला कोण जाणे... आतून बारीकसं रडणं आलं, आणि इकडे मीही सुरू.

लेकीला परत खाटेवर आणलं, तर बाटली चालूच! झटक्यांची भीती अजून आहे, उद्यापर्यंत चालणार म्हणे. म्हणजे गुडघा... माझा हात पुढे गेला, तो आम्हाला टेम्पोतून घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं मनगटाला धरला. सिस्टरनं त्याला बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं. परत येऊन माझी चप्पल पुढ्यात ठेवत तो म्हणाला,

"काका, उठा. लेक सुखरूप आहे, नात सुखरूप आहे. सिस्टर म्हणतात, पेशंटला आता एकच त्रास उरलाय, तेवढा मी घरी घेऊन जावा."