लेडीसाहेबांचा चहा

शलाका : आई, पुन्हा उठलात! लेडीसाहेब कप उचलत नाहीत.

मालिनी : अगं, रिकामा कप दिसला की हात आपोआप जातो.

शलाका : तो उचलायला बटलर आहे ना.

मालिनी : बटलर माझा मुलगा आहे.

उल्हास : आई, नाटकात मी तुझा नोकर. घरात शलाकाचा.

शलाका : गप रे. आई, हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन. बड्या घरातल्या या बायका स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधायच्या नाहीत. त्यांचीच तर खिल्ली उडवायची आहे.

मालिनी : मग दिवसभर करायच्या काय?

उल्हास : लोकांची लग्नं मोडायच्या.

मालिनी : इश्श! ते आमच्या साताऱ्याच्या बायका भांडी घासता घासता करतात.

शलाका : आई, उद्या गणपतीचा कार्यक्रम, आणि लेडीसाहेब होणाऱ्या भार्गवीला कांजिण्या. डॉक्टर म्हणे, पॅरासिटामॉल घ्या.

उल्हास : पाय तुटला तरी इथला डच डॉक्टर तेच सांगतो.

शलाका : आणि तिचा गाऊन या अख्ख्या फेल्डहोवन गावातल्या मराठी मंडळींत फक्त तुम्हाला बसला. तुम्ही नाही म्हणालात, तर दोन महिन्यांच्या तालमी पाण्यात. चला, म्हणा : "चहा गार ढोण झालाय. परत घेऊन जा!"

मालिनी : पोटच्या पोराला? माझ्याच्यानं नाही व्हायचं.

शलाका : बरं, बाबा तुम्हाला कसं म्हणायचे?

मालिनी : हे? ह्यांना आवाज चढवावाच लागायचा नाही. पेपरातून मानसुद्धा वर न करता, "काय गं, हा चहा?" बस्स. मी उठलेच.

उल्हास : बाप रे! बाबाच बोलले. माझा हात ट्रेवर गेला बघ.

शलाका : आई, हेच! उद्या अस्संच! हॉल डोक्यावर घेतील लोक.

मालिनी : हसतील?

शलाका : पोट धरून.

मालिनी : मला कधी हसू नाही आलं गं. राग यायचा. आणि हा चौथीत गेला तेव्हा हाही हुबेहूब तसंच म्हणायला लागला.

उल्हास : थांब, आई. ताजा करून आणतो.

मालिनी : अरे, तू बस, मी टाकते—

शलाका : लेडीसाहेब! बूड खुर्चीला!

(उल्हास ट्रे घेऊन येतो.)

उल्हास : लेडीसाहेब, चहा.

मालिनी : आणि बिस्कीट एकच?

उल्हास : डच पद्धत. एक द्यायचं आणि डब्याचं झाकण लावायचं.

मालिनी : असल्या भिकारड्या पद्धती आमच्या वाड्यावर चालणार नाहीत. डबा इथे ठेव. उघडाच.

शलाका : क्या बात है! हे वाक्य नाटकात नाहीये, पण राहू दे. आता एक घोट घ्या आणि म्हणा.

(मालिनी एक घोट घेते. मग दुसरा.)

शलाका : आई? विसरलात का?

मालिनी : नाही गं. सगळ्यांचं आटोपून माझ्या वाट्याला यायचा तो गारच असायचा. हा गरम आहे.

शलाका : पण आपल्याला गार म्हणायचंय ना.

मालिनी : म्हणते गं. आधी गरम आहे तोवर पिऊन तर घेऊ दे.