पाऱ्याची सुई

मल्लेश: ते काही न्हाई, सिद्धरामकाका. उद्या कात्री तुमच्याच हातात. ही बघा पाटी रंगवून आली, ‘शिवकांता दवाखाना’. माझ्या आईच्या, अव्वाच्या नावाचा दवाखाना, माझी लेक तिथं डॉक्टर, अन् फीत परक्या माणसानं कापायची?

सिद्धराम: परकं बघ कुणीतरी. तेच सांगायला आलो सकाळच्या पारी.

मल्लेश: आता या वयात लाजता काय. अव्वाची सेवा केलेलं माणूस साऱ्या जळकोटात एकच उरलंय. रेणुकादास डॉक्टर कवाच गेले. त्यांचे कंपौंडर, तुम्ही तेवढे हायेत.

सिद्धराम: मला तुझ्या लेकीला एक विचारू दे आधी. नांदेडला शिकून आली ना ती?

सृष्टी: विचारा ना, आजोबा. पाय सुजतात का?

सिद्धराम: माझे न्हाई, माय. लई जुनं हाय. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली आमच्या दवाखान्यात पाण्याची सुई असायची. लोक तसंच म्हनायचे. अंगावर सूज चढली, की आदल्या दिवशी नवसागराची पुडी, दुसऱ्या दिवशी कमरेत सुई. मग लघवीच लघवी. दोन दिवसांत माणूस अर्धा.

सृष्टी: पाऱ्याचं औषध ते. आम्हाला पुस्तकात जेमतेम दोन ओळी होत्या. आता कुणी वापरत नाही.

सिद्धराम: तवा बी लातूरला नव्या गोळ्या आल्त्या. आमच्या कपाटात जुनाच माल. तो पारा किडनीत जाऊन करतो काय, तेवढं सांग.

मल्लेश: परीक्षा घेऊन राहिले का पोरीची? नापास झाली तर दवाखाना बंद करावा लागंल.

सृष्टी: थांबा हो, बाबा. आजोबा, किडनीत बारीक बारीक नळ्या असतात. रक्तातून गाळलेल्या पाण्यातलं मीठ त्या परत ओढून घेतात. पारा त्या नळ्यांना जाऊन चिकटतो आणि त्यांचं ओढायचं काम बंद पाडतो. मीठ बाहेर गेलं, की त्याच्या मागं पाणी जातं. सूज उतरते.

सिद्धराम: अन् पारा?

सृष्टी: तोही किडनीच बाहेर टाकते, लघवीवाटे. पण किडनी धड असेल तर. आधीच आजारी असेल, तर तो तिथंच साचतो आणि त्याच नळ्या जाळतो.

सिद्धराम: अन् ती आजारी हाय, हे कळायचं कसं?

सृष्टी: त्या काळी? लघवी उकळून बघत असतील. पांढरी साकळली, तर ही सुई द्यायची नाही.

सिद्धराम: काचेच्या नळीत. स्पिरिटच्या दिव्यावर. डॉक्टर ज्याची सांगतील त्याची मी करायचो. तुझ्या आजीची त्या दिवशी केली न्हाई.

(मल्लेश पाटीवर पुन्हा कापड ओढतो.)

मल्लेश: का?

सिद्धराम: डॉक्टर पहाटंच हैदराबादला गेले होते, भावाच्या लग्नाला. माझ्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले. त्यांना काय ठावं? नोकरी देताना त्यांनी इचारलं होतं, वाचता येतं का. मी हाव म्हनलो होतो. बाटल्या रंगावरून वळखायचो, सुयांची खोकी झाकणावरून. चार सालं निभलं तसंच.

सृष्टी: कुणाकडून तरी वाचून घ्यायची.

सिद्धराम: बाहेर बाकड्यावर मास्तर बसले होते, चष्मा लावून. हात लांब केला असता, तर वाचली असती त्यांनी. पन मी पांढरा शर्ट घालायचो. लोक छोटे डॉक्टर म्हनायचे. मास्तरांना कळलं, की बाजाराला कळलं. चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. तुझ्या अव्वाला मागच्या दोन येळा सुईच दिली होती. तेच लिहिलं असंल, असं धरून चाललो.

मल्लेश: शुक्रवार होता.

सिद्धराम: हाव.

मल्लेश: सुई घेतल्यावर अव्वा म्हणाली, आता रविवारपर्यंत बोटांत जोडवी बसतील माझ्या.

सिद्धराम: त्या येळी थेंब उतरला न्हाई.

मल्लेश: दोन दिवस तुम्ही तिच्या पायथ्याशी बसून होता. अप्पा मरेपर्यंत सांगायचे, सख्खा भाऊ असा बसला नसता. मी बी तेच सांगत आलो. हिला बी तेच सांगितलं.

सिद्धराम: मी भांड्याकडं बघत बसलो होतो, मल्लेश. लघवी होती का म्हनून. रविवारी दुपारी गेल्या त्या.

सृष्टी: आजोबा, आजीचं हृदय आधीच थकलेलं होतं. सुई नसती दिली, तरी कदाचित...

सिद्धराम: ते नको सांगू, माय. तेवढ्या एका कदाचितवर मी इतकी सालं काढली.

मल्लेश: चिठ्ठीत काय होतं, ते कवा कळलं?

सिद्धराम: भूकंपाच्या आदल्या साली साक्षरतेचे वर्ग निघाले. पंचशीलाबाई शिकवायच्या. माझ्या मिशा पिकल्या होत्या. बाराखडी झाली, तशी पेटीतली चिठ्ठी काढली. चार ओळींना दोन दिवस लागले.

मल्लेश: त्याला बी तीसच्या वर सालं झाली की. रोज माझ्या दुकानात बसता. चहा पिता.

सिद्धराम: पितो. अन् गोड बी लागतो. त्याचीच लई लाज वाटती.

मल्लेश: उद्या येऊ नका तुम्ही.

सिद्धराम: न्हाई येत.

सृष्टी: बाबा, ते स्वतःहून सांगायला आले...

मल्लेश: तू थांब. काका, चिठ्ठी आणलीय का?

सिद्धराम: हाय खिशात. ही घे.

मल्लेश: माझ्याकडं नको. तुम्ही वाचा.

सिद्धराम: डोळ्याला आता बारीक दिसत न्हाई. पाठ हाय मला, सांगतो.

मल्लेश: पाठ नको. हा घ्या माझा चष्मा. बघून वाचा.

सिद्धराम: ‘सिद्धराम, शिवकांताबाईंची लघवी... आधी उकळून पाहा. पांढरी साकळली, तर... सुई देऊ नकोस. मीठ बंद ठेव. घाबरू नकोस, मी... सोमवारी येतो.’