कुठलं 'आओ'?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राध्यापक इगाराशी, व्यासपीठावरील मान्यवर, सेवानिवृत्त होणारे आमचे कुसाकाबे-सान, त्यांच्या सौभाग्यवती आणि सेंदाईच्या या सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

शाळा अर्धवट टाकून वेल्डिंग धरलेल्या माणसाला विद्वानांपुढे उभं केलंत, हा दोष संयोजकांचा. आधीच सांगून ठेवतो.

कुसाकाबे-सानांचं काम काय? सिलिकॉनच्या चकतीवर केसाच्या दोनशेव्या भागाइतका पातळ थर चढवणं. त्यावर पुढे प्रकाश टिपणाऱ्या नॅनोतारा, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तारा, उगवतात. थर जाडावतो तसा त्याचा रंग पालटतो. इतरांना जाडी मोजायला यंत्र लागतं. हे नुसती चकती कलती करून बघतात!

नऊ वर्षांपूर्वी महिनाभर तारा उभ्याच राहीनात. संशय कोणावर? हा थर ज्यात चढतो, त्या मी बनवलेल्या निर्वात पेटीवर. "गळतेय तुमची पेटी!" ती परत आली असती, तर माझ्या कारखान्याला कुलूप आणि सहा कामगार घरी. तीन दिवस मी पाना घेऊन यंत्राखाली आडवा. गळती काही सापडेना.

तिथे कानावर पडलं. कुसाकाबे-सान थर चढवायला बसवलेल्या नव्या संशोधिकेला, मिनागावा-सानला, विचारत होते, "आओ झालं की थांबवतेस ना, पोरी?"

"हो तर! आओ दिसल्याबरोबर."

मी खालूनच ओरडलो, "कुठलं आओ?"

तिने खिडकीतलं आभाळ दाखवलं. यांनी डब्यातली काकडी!

"अहो, हे हिरवं! आओ म्हणजे निळं."

"मग सिग्नल हिरवा झाला की काय म्हणतेस गं?"

"...आओ."

हसताय? रोज तुम्हीही तेच म्हणता; आपल्या जपानीत निळं आभाळही आओ आणि हिरवा सिग्नलही आओ. पण चकतीवर निळं आधी येतं, हिरवं नंतर. महिनाभर थर पातळच निघत होता.

त्याच आठवड्यात कुसाकाबे-सानांच्या नोकरीच्या मुदतवाढीचा निर्णय व्हायचा होता. गप्प राहिले असते, तर कोणाला कळलं असतं? ते तडक प्राध्यापक इगाराशींकडे गेले. "पेटी निर्दोष आहे. शब्द माझा चुकला." नोंदवहीतही तेच लिहून खाली सही ठोकली. पुढची चकती हिरव्यावर थांबवली, आणि तारा भाताच्या रोपांसारख्या ताठ!

मुदतवाढ मिळाली, हा प्राध्यापकांचा मोठेपणा. पण सही केली तेव्हा ती मिळेल, हे यांना कुठे ठाऊक होतं?

बोलू दिल्याबद्दल आभार. भाषणात कुठे खडबडीत सांधा राहिला असेल, तर तो मनातल्या मनात घासून घ्या. आता मागच्या रांगेतल्या माझ्या सहाजणांनो, उभे राहा. कुसाकाबे-सान, हे सगळे अजून कामावर आहेत. यांचा नमस्कार घ्या.