डाव्या पिळाचं शिंग

भावजय : वन्सं, त्या पेट्या कशाला उपसताय पुन्हा?

नणंद : अगं, घोटाळा झालाय. ही फण्यांची पेटी. मीच निवडलेली. यात सगळी डावीच शिंगं हवीत, उजवी भिंतीच्या बुचांना जातात. त्यात हे एक उजव्या पिळाचं निघालं.

भावजय : म्हणजे त्याच्याऐवजी डावं बुचाला गेलं?

नणंद : गेलं. पिळशिंग्या जनावराचं उजवं शिंग ओल लागली की भिंतीच्या भोकात आपोआप घट्ट होतं. डावं उलटं फिरत बाहेर येतं. आणि आपल्या वस्तीच्या भिंतीपलीकडे श्वास घ्यायला हवाच नाही.

भावजय : अगंबाई! आज एकच बूच गेलंय इथून. आमचे हेच ते घेऊन गेलेत, पंपखोलीत बसवायला. पण वन्सं, पीळ तर नुसत्या डोळ्यांना दिसतो!

नणंद : तू आधी त्याला फोन लाव.

(फोन लागतो. पलीकडे बारीक शिट्टी वाजते आहे.)

भाऊ : बरं झालं फोन केलास. बूच गळतंय. हवा उतरली तसं दार आपोआप बंद झालं. दुरुस्तीवाले अर्ध्या तासानं येतील म्हणे.

भावजय : अर्ध्या तासानं? अहो, तोवर हवा पुरेल का?

भाऊ : मघापासून उजवीकडे पिळतोय, पण मेलं सैलच होतंय. भीती वाटतेय गं मला.

नणंद : थांब! डावं शिंग आहे ते. डावीकडे पीळ.

भाऊ : काहीतरीच काय, ताई! वीस वर्षं बुचं उजवीकडेच पिळतोय. चुकलं तर हातात येईल, मग मी मेलोच. आणि तुझ्या नजरेतून डावं सुटेल कसं?

नणंद : माझी नजर गेली रे.

भाऊ : काय?

नणंद : सावल्या तेवढ्या दिसतात. बोटांनी चाचपून निवडते मी. आज बोट कापलं म्हणून चिंधी होती, पीळ कळला नाही; ती सोडल्यावर कळलं. काम जाईल म्हणून कुणाला बोलले नाही. आता तरी ऐक, डावीकडे पीळ!

भावजय : ऐका हो त्यांचं!

भाऊ : पिळतो…

भावजय : अहो? अहो, बोला ना काहीतरी!

नणंद : शिट्टी थांबली.

भाऊ : बसलं. घट्ट बसलं. …ताई, कधीपासून?

नणंद : दोन वर्षं होतील.

भाऊ : अगं, परवाच तर म्हणालीस, दाढी पिकली तुझी.

नणंद : तुझी बायको म्हणते रोज. मी पाहिलेली नाही.