मारुतीच्या ओट्याजवळचा उलटा व्हॉल्व्ह

माझं माहेर दिंडोरीकडचं, डोंगराच्या अंगाचं, आणि माझा जन्म कोणत्या साली झाला ते माझ्या आईलाही सांगता यायचं नाय, ती म्हणायची, नाला आटला होता त्या वर्षी तू झालीस. आमच्याकडं सगळं पाण्यावरूनच मोजायचे. गावाला विहीर होती, चांगली बांधीव, पण माझ्या आजीला तिच्या काठावर चढू देत नव्हते. आमच्या वस्तीचा झिरा वेगळा, खाली नाल्यात, तिथं वाटी घेऊन बसायचं, वाटी वाटीनं हंडा भरायचा, तोवर ऊन डोक्यावर यायचं. मी पण बसलेय लहानपणी. काय सांगू तुम्हाला ताई, आजही कोणी गाडी धुताना पाइप तसाच सोडून फोनवर बोलायला गेलं ना, तर माझे पाय आपोआप तिकडं वळतात, मी जाऊन नळ बंद करते, मग ते मला बोलतात. बोलू दे.

लग्न होऊन पंचवटीत आले. पहिल्या सकाळी नळाला पाणी आलं तर मी नुसती बघत बसले, हंडा भरून वाहायला लागला तरी बघतेच. सासूबाई म्हणाल्या, काय गं, नवरदेव आलाय का तिथं? आणि खरं सांगते, नवरदेवच होता तो, कारण आमचे हे पालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, ते पाणी त्यांनीच सोडलेलं. मी ह्यांना म्हटलं, नाशिकला किती छान पाणी येतं. तर हे हसले, म्हणाले, पाणी येत नाय गं कौतिक, पाणी सोडावं लागतं. धरणातून उचलायचं, साफ करायचं, टाकीत चढवायचं, आणि मग एका भागाला सोडलं की दुसऱ्याचं बंद करायचं, नायतर उतारावरच्यांचे हंडे वाहतात आणि चढावरचे भांडत बसतात.

हे गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. ह्यांच्या जागेवर मला घेतलं, पण टाकीच्या ऑफिसात, झाडू मारायचा, चहा द्यायचा. तिथं रऊफचाचा होते, ह्यांच्याबरोबरचे जुने व्हॉल्व्हमन, त्यांना गुडघ्यानं वाकता येईना आणि नवीन माणूस मिळेना. एक दिवस मी म्हटलं, चाचा, मला शिकवा. ऑफिसातला एक जण खो खो हसला, म्हणाला, बाई पाणी सोडणार, मग आम्ही काय भांडी घासायची? मी म्हटलं, घासा की, पाणी मी सोडते.

चाचांनी शिकवलं ताई, आणि काय शिकवलं. व्हॉल्व्हची चावी म्हणजे कुलपाची चावी नव्हे, कमरेएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खड्ड्यात उतरवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे वेगळे, कुठं लिहिलेले नाय, सगळे चाचांच्या डोक्यात. आणि त्यांच्याकडं एक बारीक सळई होती, तिचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला, की आतलं पाणी बोलतं. खरंच बोलतं. वाहतंय, थांबलंय, कुठं गळतंय, सगळं कळतं. चाचा म्हणायचे, बहू, हात झूठ बोलेगा, कान नहीं. आधी कान लावायचा.

आणि मी तेच विसरले. जुन्या मारुतीच्या ओट्याजवळ एक व्हॉल्व्ह हाय, फार जुना, तो उलटा. सगळे व्हॉल्व्ह उजवीकडं फिरवले की बंद होतात, हा उजवीकडं उघडतो. चाचांनी सांगितलं होतं, पण मी नवी, डोक्यात पन्नास व्हॉल्व्ह. त्या सकाळी ते सुट्टीवर. खालच्या गल्लीचं पाणी बंद करायला मी गेले, उजवीकडं फिरवला, जरासा फिरून अडला, मला वाटलं बंद झाला, सळई तशीच काखेत, आणि मी पुढच्या चढावरच्या गल्लीला पाणी सोडायला गेले. तिकडं टिपूस नाय. सगळं पाणी खालच्या गल्लीतच चाललेलं. वरच्या गल्लीत त्या दिवशी हळद होती एका घरी. बायका हंडे घेऊन खाली आल्या, मला त्या ओट्यापुढं उभी केली आणि जे बोलल्या ना ताई, एक जण म्हणाली, ह्यांच्या हातात कोणी दिलं आमचं पाणी? ह्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते मला कळलं. मला आजी आठवली. दुसऱ्या दिवशी चाचा आले, त्यांनी एवढंच विचारलं, कान लगाया था? मी नाय म्हणून मान हलवली. ते म्हणाले, बस, अब जिंदगीभर लगाएगी.

आणि लावला. निवृत्त होईपर्यंत एक दिवस चुकवला नाय. चाचा जाताना सळई मला देऊन गेले.

आता ऐका, ही गोष्ट आत्ताची. मी घरी बसून दोन वर्षं झालेली. एका दुपारी दारात पालिकेची जीप, आणि तिच्यातून एक तरुण इंजिनिअर मॅडम उतरल्या, पायात चिखलाचे बूट. म्हणाल्या, मावशी, मारुतीच्या खालच्या गल्लीत पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळतंय, लेकरं जुलाबानं पडलीत, ती एक गल्ली बंद करायची तर तिचा व्हॉल्व्हच सापडत नाय, तुम्ही निवृत्त झाल्यावर वरून काँक्रीटचा रस्ता झालाय. नाय सापडला तर अख्खी टाकी बंद करावी लागेल, म्हणजे सगळी पंचवटी कोरडी, आणि नळ कोरडे पडले की गटारातली घाण पाइपात आणखी ओढली जाते.

मी सळई घेतली आणि चप्पल घातली.

जागा मी कशी विसरेन? तिथंच मला उभी केली होती. ओट्यापासून नऊ पावलं. मी मोजली, म्हटलं, इथं फोडा. फोडलं, खाली नुसती माती. लोक जमलेले, एक जण म्हणतो, म्हातारीला काय आठवतंय? पण मॅडम चिडल्या नाय. त्यांनी रस्ता रुंद करायच्या आधीचा कागदी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला, आणि म्हणाल्या, मावशी, तुमची पावलं बरोबर हायेत, ओटाच मागं सरकवलाय, दोन पावलं वाढवा. मी वाढवली, रिक्षा थांबवायला लावल्या, रस्त्यावर बसले आणि सळई टेकवली. ह्या व्हॉल्व्हला खोड होती, पूर्ण उघडा असला तरी म्हाताऱ्यासारखा घुरघुरायचा. घुरघुरत होता, ताई! माझ्या डोळ्याला पाणी आलं.

फोडलं, झाकण निघालं. नवे व्हॉल्व्हमन भाऊ चांगले दणकट, चावी घातली आणि उजवीकडं लावला जोर. हलेना. म्हणाले, गंजलाय, आणखी एक जण या. मी ओरडले, थांबा, आतला दांडा तुटेल, मग कोणाच्या बापाला बंद होणार नाय! आधी कान लावा. लावला त्यांनी. म्हटलं, आता डावीकडं. एक फेरा, दोन फेरे, कुरकुरत फिरला, आणि सळईतला आवाज बारीक बारीक होत थांबला.

आणि मग त्या लोकांनी जे काम केलं ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. गटाराशेजारचा सडका पाइप कापला, नवा टाकला, तोवर टँकर उभे, दवाखान्याच्या ताया घरोघर. पाइप धुतला, मग पाणी सोडलं, आणि एक मुलगी प्रत्येक नळाचं पाणी नळकांडीत घेऊन दोन थेंब औषध टाकून बघायची, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन पोचलं, मग म्हणायची, प्या. शेवटच्या घरापर्यंत गेली. मॅडम तिथंच उभ्या, कोणीतरी दिलेला चहा हातातच गार झालेला. लोक पालिकेला शिव्या देतात, मी पण देते, पण हे पण बघा ना कधी.

दुसऱ्या दिवशी मॅडम परत आल्या, म्हणाल्या, मावशी, तुमच्या डोक्यातले सगळे व्हॉल्व्ह मला नकाशात हवेत. महिनाभर सकाळी त्यांच्याबरोबर हिंडले. गुडघे बोलायचे, पण फेरे एकेक आठवत गेले, मी सांगायचे, त्या कॉम्प्युटरच्या पाटीत भरायच्या. चाचांचे, ह्यांचे, माझे, सगळे फेरे आता तिथं हायेत. माझं डोकं रिकामं झालं ताई, बरं वाटलं.

मारुतीच्या ओट्याजवळ आलो तर त्यांनी विचारलं, इथं काय लिहू? मी सांगितलं, आणि त्यांनी लिहून मला वाचून दाखवलं. हा व्हॉल्व्ह उलटा आहे. आधी कान लावा.

चाचा आता नायत. पण त्यांचं बोलणं राहिलंय तिथं. सळई मी मॅडमला दिली, घरी ठेवून काय करू, माझं आता घरच्या नळावरच भागतं. सकाळी पाणी आलं की आधी धारेखाली हात धरते, आणि ते कोणी सोडलं असेल त्याला मनातल्या मनात म्हणते, सुखी राहा बाबा, कमरेला जप, आणि कान लावत जा.