डबा गुरुजींचा कंप्युटर

(गेवराईतलं तेजश्रीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. समोर उमापूरचे निवृत्त शिक्षक बबनराव आणि त्यांची बायको रुक्मिणीबाई; टेबलावर त्यांचा जुना, नुसत्या कीबोर्डएवढा कंप्युटर.)

तेजश्री: गुरुजी, अ‍ॅडॅप्टर चांगला हाय. तीनदा मोजला.

बबनराव: चौथ्यांदा मोज. दोष तिथंच आहे. आणि पिनेच्या आत उणे, बाहेर अधिक. उलटं लावलंस तर सगळं जळेल.

तेजश्री: ते तुम्ही आल्यापासून सांगताय. मी चिकटपट्टीवर लिहून पिनेला लावलंय, बघा.

रुक्मिणीबाई: आवं, तिला काम करू द्या की. सकाळच्या यष्टीनं आलोत, आता जेवणाची येळ झाली.

बबनराव: आणायचं तुलाच होतं. माळ्यावर बरं होतं ते.

रुक्मिणीबाई: बरं कुठलं? परवा शाळेच्या कार्यक्रमात गावातल्या त्या पप्पूनं माईकवर म्हणलं, आता आपले लाडके डबा गुरुजी दोन शब्द बोलतील. तुमी हसलात. मला न्हाई हसू आलं.

तेजश्री: डबा गुरुजी कावून म्हणतात, काकू?

रुक्मिणीबाई: अगं, अठ्ठ्याऐंशी साली ह्येंनी पुण्याहून ह्यो कंप्युटर आणला. घरच्या टीव्हीला जोडायचा. सगळ्या गावाला सांगावा धाडला, पारावर टीव्ही मांडला. पाचशे माणूस जमलं आसंल. ह्येंनी बटण दाबलं आन् टीव्ही काळा ठिक्कर. तवाचे सरपंच अर्जुनराव म्हणले, मास्तरला पुण्यात कुणीतरी रिकामा डबा बांधून दिलाय. बास. सदतीस वरसं झाली, त्येच नाव.

बबनराव: पाचशे नव्हते. दोनशे-सव्वादोनशे.

रुक्मिणीबाई: हसताना पाचशे वाटले.

तेजश्री: पण आदल्या दिवशी चालत होता का?

बबनराव: आदल्या रात्री दोन तास चालला. एकही चूक नाही. मग मराठवाड्याची लाईट. व्होल्टेज कमी-जास्त झालं, अ‍ॅडॅप्टर गेला.

तेजश्री: गुरुजी, अ‍ॅडॅप्टर चांगला हाय. तरीबी मी माझ्या सप्लायवर लावून बघितलं, तेच.

बबनराव: मग टीव्हीचं चॅनेल लागलं नसेल.

तेजश्री: हा जुना डबडा टीव्ही मी भंगारातून खास तुमच्यासाठी आणलाय. बघा, तुमचं मशीन बंद केलं की मुंग्या येतात. चालू केलं की मुंग्या जाऊन काळं होतं. म्हणजे मशीन काहीतरी पाठवतंय, पण डोकं चालंना त्याचं. आत बघावं लागंल.

बबनराव: उघडू नकोस.

तेजश्री: का?

बबनराव: खाली स्क्रूवर कंपनीचं सील आहे. तुटलं तर वॉरंटी जाते.

तेजश्री: गुरुजी, वॉरंटी जाऊन छत्तीस वर्षं झाली.

बबनराव: तरी नियम तो नियम.

रुक्मिणीबाई: उघड गं पोरी. मी सांगते, उघड.

तेजश्री: उघडला. आता हे बटणांचं पॅनेल जरा उचलते. गुरुजी, असं वाकू नका, उजेड अडतोय.

बबनराव: मी सहज बघतोय.

तेजश्री: हे काय? तांदूळ हायेत आत.

बबनराव: उंदरानं नेले असतील.

तेजश्री: उंदीर तांदळाला हळद-कुंकू लावून नेतो होय?

बबनराव: माळ्यावर काहीही होऊ शकतं.

तेजश्री: आन् हे बघा. बटणांच्या खाली सगळं हिरवं चढलंय, आयसीचे पाय खाल्लेत. साधं पाणी न्हाई हे. कायतरी गोड सांडलंय.

बबनराव: हां. चहा. माझ्याच हातून सांडला होता. आठवलं आता.

रुक्मिणीबाई: तुमी जल्मात चहा पिला न्हाई.

बबनराव: त्या दिवशी प्यालो होतो.

रुक्मिणीबाई: तेजश्री, ऐक. चहा न्हाई ते. नारळाचं पाणी हाय.

तेजश्री: नारळाचं?

रुक्मिणीबाई: मीच शिंपडलं. लग्नाला चार म्हैने झालते. आमच्या चौसाळ्याला माझ्या बापानं ट्रॅक्टर आणला तवा नारळ फोडून पाणी शिंपडलं, हिरीची मोटर बसवली तवाबी शिंपडलं. आन् इथं एवढी पुण्याहून वस्तू आली, गाव बघाया येणार, आन् तिला कुणी कुकू लावीना. ह्ये पारावर मांडव बघाया गेलते. मी गुपचूप कुकू लावलं, अक्षदा टाकल्या, नारळ फोडला आन् पाणी शिंपडलं. चांगलं ओंजळभर शिंपडलं, कमी नको म्हणून.

तेजश्री: बरोबर बटणांवर?

रुक्मिणीबाई: तोंड कुठलं ते मला काय ठावं? टीव्हीच्या दिशेला आसंल ते तोंड म्हणलं.

बबनराव: अगं, आता कशाला ते.

रुक्मिणीबाई: न्हाई, बोलू द्या. सदतीस वरसं दडपून ठिवलं मी. तुमच्यावर गाव हसलं आन् मी चुलीपाशी बसून रडले. तवापासून मंगळवार धरलाय मी ह्या पापाचा.

बबनराव: मंगळवारचा उपास यासाठी? मला वाटलं पित्तासाठी करतेस.

रुक्मिणीबाई: पित्त तर उपासानं झालं.

तेजश्री: गुरुजी, तुम्हाला राग न्हाई आला?

बबनराव: कशाचा? मला माहीत होतं.

रुक्मिणीबाई: काय माहीत हुतं?

बबनराव: चष्मा विसरला म्हणून मी पारावरून माघारी आलो होतो. दारातून बघितलं. तू डोळे मिटून पाणी शिंपडत होतीस.

रुक्मिणीबाई: आन् तुमी थांबवलं न्हाई?

बबनराव: तोवर नारळ अर्धा रिकामा झालता. मी कंप्युटर वरून पुसून घेतला, म्हटलं चालेल. नाही चालला.

रुक्मिणीबाई: मग त्या अर्जुनरावाला तोंडावर सांगायचं की, की कंप्युटर खरा हाय, घरात असं-असं झालं.

बबनराव: आणि आईनं ऐकलं असतं तर? आमची आई सरस्वतीबाई. दूध उतू गेलं म्हणून मोठ्या वहिनीला महिनाभर माहेरी धाडलं होतं तिनं. तुला तर चार महिनेच झालेले. चौसाळ्याहून परत आलीच नसतीस.

रुक्मिणीबाई: आत्याबाई जाऊन वीस वरसं झाली. मग तरी सांगायचं मला.

बबनराव: तोवर नाव अंगवळणी पडलं होतं.

रुक्मिणीबाई: म्हणजे मी तुमाला कळू नये म्हणून गप, आन् तुमी मला कळू नये म्हणून गप. आन् वर मंगळवारी साबुदाण्यावर मी.

तेजश्री: काकू, भांडण पाच मिनिटं थांबवा. ब्रशनं सगळं धुऊन काढलंय, वाळवलंय. आतली तांब्याची एक रेघ पार खाल्ली होती, तिथं वायर जोडलीये. आता लावते. गुरुजी, आत उणे, बाहेर अधिक. बरोबर?

बबनराव: बरोबर.

तेजश्री: बघा.

रुक्मिणीबाई: पांढरं झालं. खाली कायतरी लिवलंय बारीक.

बबनराव: कंपनीचं नाव आहे. आणि साल. त्या रात्री हेच आलं होतं. अगदी हेच.

तेजश्री: गुरुजी, बसा खुर्चीवर. काय दाखवणार होता गावाला?

बबनराव: एकोणतीसचा पाढा. तीन ओळींचा प्रोग्रॅम आहे, अजून पाठ आहे. थांब. हे बटण जरा जोरात दाबावं लागतं. झालं. बघ गं, इकडं बघ. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी.

रुक्मिणीबाई: एवढंच?

बबनराव: एवढंच म्हणजे?

रुक्मिणीबाई: ह्यो तर माझ्या बापाला तोंडपाठ हुता.

बबनराव: अगं, शंभरापर्यंत गुणत जाईल हा, न थांबता.

रुक्मिणीबाई: जाऊ द्या, गुणू द्या त्याला. लई छान दिसतंय. तेजश्री, बांध हे सगळं, टीव्हीबी दे. आज सांजच्याला पारावर मांडते मी. अर्जुनराव अजून बसतो तिथं, काठी घिऊन.

बबनराव: लोक विचारतील, इतकी वर्षं का बंद होता. मी सांगेन, अ‍ॅडॅप्टर गेलता.

रुक्मिणीबाई: न्हाई. मी सांगीन, मी नारळाचं पाणी शिंपडलं.

बबनराव: कशाला? हसतील तुला. या वयात आणखी एक नाव पडेल.

रुक्मिणीबाई: पडू द्या की. तुमी सदतीस वरसं माझं नाव वागवलं, आता जरा मला वागवू द्या.